खिशातलं खिशातच

४ फेब्रुवारी

मी तुझा पत्ता कोणालाही सांगितलेला नाही. आधी हे वाच, मग पुढचं. शेजारची शिंपीण सांगत होती, तू तिच्याजवळ म्हणालीस, "आजीनेच बापाला माझ्या दारात आणलं." मी आणलं? तुला भेटायला आले ते घरी डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव सांगून आले. दोन गाड्या बदलल्या, वळून वळून मागे पाहिलं, मान अवघडली. घरी येऊन ब्र काढला नाही. तरी तुझा बाप तुझ्या घरमालकिणीसमोर जाऊन उभा राहिला, तिने तुझं सामान जिन्यात काढलं, आणि तो तुझ्या कामावरही गेला म्हणून ते कामही सुटलं. हे सगळं माझ्या माथी मारून तू मोकळी झालीस.

सांगितलं ते माझ्या फोनने. पिशवीत होता, तुझ्या बापाने वाढदिवसाला दिलेला. मला हे कळलं कसं, तर त्यानेच सांगितलं, जेवता जेवता. "आई, डोळ्यांचा डॉक्टर नदीपलीकडे कधी राहायला गेला?" आणि हसला. मग स्वतःचा फोन माझ्याकडे वळवला. नकाशा होता, त्यावर ठिपके. "हा निळा मी, ही पिवळी तुझी सून, हा हिरवा तू. काळजी वाटते म्हणून लावलंय." एक ठिपका करडा पडलेला होता. तो तुझा. तू फोन उशीवर टाकून गेलीस ना, तेव्हापासून तो आपल्या घरातच आहे. काढत नाही तो. तुझी आई ताटातलं बोटाने सारवत बसली होती, वर बघितलं नाही तिने. ती कधी बघते?

बाकी मी बरी आहे. तू कशी आहेस ते लिही. गुडघा जुनाच, जीभही जुनीच.

तू या लॉन्ड्रीत वाढलीस, तुला नव्याने सांगायला नको. गिऱ्हाइकाच्या खिशात जे निघेल ते लिफाफ्यात, लिफाफा चिकटवायचा, टाचणीने त्याच कपड्याला लावायचा. वाचायचं नाही, विचारायचं नाही. सासूने मला शिकवलं, मी तुझ्या आईला. गावभरच्या लोकांचे खिसे उलटे केले मी आणि कोणाचं गुपित कोणाच्या घरी गेलं नाही. आता माझ्याच पोराने माझा खिसा उलटा करून वाळत घातलाय.

पत्र शिंपिणीकडे देतेय. उत्तर तिच्याकडेच धाड. आणि शब्द मागे घे.


१९ फेब्रुवारी

शब्द मागे घेतलास, पण अर्धाच. "तुझी चूक नव्हती पण तू निष्काळजी आहेस" म्हणे. बरं. अर्धा तर अर्धा.

तू पाठवलेला फोन मिळाला. कोटाच्या अस्तरात शिवून पाठवायची अक्कल तुझी की शिंपिणीची? मी अस्तर उसवताना कात्रीचं पातं लागून काच फुटली असती तर? तू आता फोन दुरुस्त करणाऱ्यांच्या दुकानात काम करतेस, तुला काय, तुला दुसरी काच मिळेल.

तू लिहिलंयस, याचं वरचं कातडं तेच, आतली सिस्टीम काढून दुसरी घातली आहे, ती चुगली करत नाही. मी उघडला. रिकामा. भाड्याची खोली ताब्यात घेताना असते तसा, खिळासुद्धा नाही भिंतीला. घड्याळ, बॅटरी, फोन लावायचं बटण, संपलं. जुन्या फोनवर कशी जत्रा असते, कोणी पाककृती दाखवतंय, कोणी गुडघ्याचं तेल विकतंय. गुडघा दुखतो हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, तरी त्याला कळलं होतं. इथे कोणी काही विकत नाही. पहिले काही दिवस मला करमलं नाही, खोटं कशाला बोलू.

तुझी चिठ्ठी पाठ झाली आहे. "एकदम बदलू नकोस. एका वेळी एकच गोष्ट नव्यावर ने, ती अंगवळणी पडली की दुसरी. जुना तसाच चालू ठेव." म्हणून आधी मी फक्त गजर नेला. सकाळी उठवतो तो आता नवा. मग विजेरी नेली. तू हसशील, पण विजेरी नेली त्या दिवशी मला वाटलं, हा उजेड माझा आहे, कोणाला माहीत नाही मी तो कुठे पाडते.

इंटरनेट शिंपिणीचं. तिने मला ते उघडायचा आकडा दिला. तिच्या आणि आपल्या मधल्या भिंतीतून येतं, आमच्या इस्त्रीच्या टेबलापर्यंत, पुढे नाही. म्हणून मी आता इस्त्रीच्या टेबलाशी फार बसते. तुझा बाप म्हणतो, "आई, तुला काम करायची काय गरज आहे?" मी म्हटलं, बसून गंज चढतो.


६ मार्च

घाई केली, तोंडावर पडले. वाच आणि मला बोलू नकोस, मी स्वतःला बोलून झालं आहे.

गाणी नेली नव्यावर. मग रेडिओ. मग तुझा तो निरोपाचा डबा, ज्यातून तू मला "जेवलीस का" विचारतेस. सगळं छान चाललं होतं, म्हणून मी जुन्याला विसरले. तो तिकडे कपाटावर पडून राहिला. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तुझा बाप डिलिव्हरीची गाडी अर्ध्या रस्त्यातून वळवून घरी आला, चपला न काढता आत.

"आई, बरं नाही का तुला?"

"मला काय धाड भरलीय?"

"तुझा फोन हललाच नाही. पावलं शून्य. मला मेसेज आला, 'तुमच्या आईची हालचाल नेहमीपेक्षा कमी आहे.'"

"त्या मेसेजला सांग, आईने पाय पोटाशी घेतले होते."

"थट्टा करू नकोस. मी घाबरलो."

आणि खरंच घाबरला होता. घाम आला होता त्याला. हेच अवघड आहे बघ. ओरडला असता, हात उगारला असता तर मी लाटणं घेतलं असतं. हा पाणी आणून देतो. नाडी बघतो. डोक्यावर हात फिरवतो, आणि जाताना दुकानाच्या दारावर दुसरा कॅमेरा बसवून जातो, मी पडले तर दिसावं म्हणून. मी दार उघडं ठेवून बसते दिवसभर. उघड्या दारातून कुठे जायचं नाही, असं घर आहे हे.

तर आता रोज सकाळी जुना फोन एप्रनच्या डाव्या खिशात घालते आणि त्याला फिरवून आणते. दुकान, अंगण, परत दुकान. कुत्र्याला फिरवावं तसं. पाककृती बघते, तेलवाल्याला बोट लावते, म्हणजे त्याला वाटावं म्हातारी मजेत आहे. उजव्या खिशात नवा. एक खिसा त्याचा, एक माझा. तू म्हणाली होतीस ना जुना तसाच चालू ठेव, ते यासाठी, हे मला आता कळलं. शहाणपण नेहमी उशिराच्या गाडीने येतं.

शिंपिणीकडे बसले होते त्यावरूनही झालं.

"आज तासभर शिंपिणीकडे होतीस."

"कोटाची बाही सैल करून घेतली."

"तासभर?"

"माझे दंड बघितलेस?"

तुझी आई वाफेच्या इस्त्रीमागे होती. तिचा खांदा हलला. हसली की खोकली, कोण जाणे. त्या बाईचं मला कधी कळलं नाही. भिंतीला ओल येते तशी घरात असते, आवाज नाही.


२० मार्च

तुझा फोटो पाहिला. गाल बसलेत.

आणि खड्यांचं तू मला आज सांगतेस? पित्ताच्या पिशवीत खडे, पिशवीच काढायची, तारीख पडली आठ एप्रिल. सकाळी नेणार, सगळं नीट झालं तर दुसऱ्या दिवशी सोडणार. आणि हॉस्पिटलवाले म्हणतात, घरचं माणूस आणा, सही करायला आणि बाहेर बसायला, नाहीतर तारीख पुढे. मागची तारीख तू एकटी गेलीस म्हणून गेली, हेही आज सांगतेस. मधल्या काळात पोट धरून लोळलीस किती वेळा, ते तर सांगतच नाहीस.

मी येते. तू अटी घातल्यास त्याही ऐकल्या. जुना फोन घरी. नवा बरोबर. बापाला कळू द्यायचं नाही, कारण या वेळी खोली गेली तर दुसरी मिळणार नाही आणि हे कामही जाईल. आणि शेवटची अट, "आईला अजिबात सांगू नकोस. माझा फोन उघडायचा आकडा तिनेच बाबांना दिला होता." लक्षात आहे.

नकाशा नेलाय नव्यावर. हा नकाशा मला रस्ता दाखवतो, मला कोणाला दाखवत नाही. हॉस्पिटल शोधून ठेवलं. प्रत्येक गोष्ट मागतो मात्र. हे ॲप म्हणतं कॅमेरा दे, ते म्हणतं जागा सांग, आणि फोन मला विचारतो, देऊ का? मी म्हणते, नको. पुन्हा विचारतो. नको म्हटलं ना. इतकं कोणी मला आयुष्यात विचारलं नव्हतं. आणि ती तुझी युक्ती, ॲपने सगळे नंबर मागितले तर एकच दाखवायचा, बाकीचे आहेत हेच त्याला कळू द्यायचं नाही. मला ती फार आवडली. प्रत्येक घराचं गाठोडं वेगळं, एकाचा मोजा दुसऱ्याच्यात जाता कामा नये. लॉन्ड्रीच आहे ही, दुसरं काय.

तू म्हणतेस या फोनात दुसरी खोलीही काढता येते, वेगळ्या आकड्याची, एका खोलीतलं दुसरीत दिसत नाही. मला एक खोली झाडून होत नाही. दुसरी कोणासाठी काढू?

गुडघ्याला पट्टा घेतला आहे. तुझ्या बापाला सांगितलं, जिना चढायला लागतो.


२९ मार्च

नवा फोन हरवला.

उजव्या खिशात होता. एप्रन बदलला. खिसा रिकामा करायचा राहिला. मी. सगळ्या जगाचे खिसे रिकामे करणारी. एप्रन धुण्यात गेला असावा, मशीन सकाळीच लावून झालं होतं. पाण्यात गेला असेल तर मेला, आणि पाण्यात गेला नसेल तर कोणाच्या तरी हातात आहे. घरात हात तीन माणसांचे.

तुझा बाप आज फार बोलला नाही. तो बोलत नाही तेव्हा मला जास्त ऐकू येतं. दुपारी दोनदा वर बघून हसला माझ्याकडे. तेही काळजीने असेल. माझ्या घशाखाली घास गेला नाही, तर म्हणाला, "आई, तू कमी जेवतेस, डॉक्टरकडे नेतो. आठ तारखेला माझी गाडी मोकळी आहे."

आठ तारीख. शिंपिणीकडून निरोप येईपर्यंत तू हॉस्पिटलला काही कळवू नकोस.


३१ मार्च

आज माझा एप्रन इस्त्री होऊन पलंगावर आला. नाड्या ताठ. त्याला टाचणीने लावलेला लिफाफा, चिकटवलेला, कडेने दाबलेला. वर काही लिहिलेलं नाही. आत नवा फोन. कोरडा.

मी इस्त्रीच्या टेबलाशी गेले. तुझी आई चादरी घडी करत होती.

"हा तू लिफाफ्यात घातलास?"

"खिशात होता."

"उघडलास?"

"खिशातलं बघायचं नसतं." घडी मारली, दुसरी चादर घेतली. "लग्न होऊन महिना झाला नव्हता, गिऱ्हाइकाची चिठ्ठी वाचली म्हणून तुम्ही मला ओला टॉवेल फेकून मारला होता."

"लागला होता?"

"तुमचा नेम वाईट आहे."

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. मग म्हणाली, "टेबलावर होता तेव्हा वाजला. हे बाहेर गाडी भरत होते, दार उघडं होतं. मी वाफ सोडली." तुला माहीत आहे आपली ती वाफेची इस्त्री कशी किंचाळते. "दोनदा आले विचारायला, कपडे संपले तरी वाफ का सोडतेस. म्हटलं, नळी तुंबलीये."

तुझा तो फोन होता, रविवारचा.

चारेक चादरी झाल्या. मग खाली बघूनच म्हणाली, "ती जेवल्यावर उजव्या बरगडीखाली हात दाबून बसायची. दोन वर्षं. मी यांना म्हटलं, दाखवून आणू. हे म्हणाले, फोन बघणं सोडायला सांग, सगळं बरं होईल. गेलं का तिचं ते?"

दोन वर्षं. मला माहीत नव्हतं. मी तुझ्या शेजारी झोपत होते आणि मला माहीत नव्हतं.

तुझी अट मोडली. खडे, तारीख, हॉस्पिटल, सगळं सांगितलं. ओरडायचं तर ओरड, मी ऐकायला तिथे नाही. तिने इस्त्री बंद केली, हात पुसले आणि पहिला प्रश्न विचारला, "त्या गुलाबी गोळीचं सांगितलंय का तिने डॉक्टरांना?" कोणत्या गुलाबी गोळीचं? तू नववीत होतीस, दात दुखत होता, त्या गोळीने तुझे ओठ सुजले, श्वास लागला. ती तुला पाठीवर घेऊन धावली होती. मी लग्नाला गेले होते कोणाच्या तरी. तिला गोळीचं नाव पाठ आहे. भूल देणाऱ्याने मला विचारलं असतं, मी काय सांगितलं असतं? पोरगी भिंगरी आहे, हट्टी आहे, एवढंच.

तू सांगितलंयस का गोळीचं? नाही सांगितलं. मला माहीत आहे, नाही सांगितलं.


८ एप्रिल

हे पत्र शिंपिणीने आणलेलं नाही. मान वर करून बघ कोणी आणलं.

बघितलंस? आता पुढचं वाच. ती उभी राहिली तर राहू दे, सवय आहे तिला.

माझ्या डॉक्टरचं मी काल रात्रीच्या जेवणात निस्तरलं. दोन वाट्या जास्त खाल्ल्या, तुझ्या बापाच्या डोळ्यांसमोर. तो खूश झाला आणि आज गाडी घेऊन कामाला गेला. तुझी आई शिंपिणीच्या मागच्या अंगणातून निघणार, तिकडे कॅमेरा नाही. गिऱ्हाइकाचं गाठोडं असावं तसं गाठोडं बांधलं तिने, वरून एक चादर. आत तिचे कपडे आहेत. एका दिवसापुरते दिसत नव्हते. मी विचारलं नाही. खिशातलं खिशात.

ती दुसरी खोली मी काढली, तिच्यासाठी. तू चिठ्ठीत लिहिलं होतंस तसं एकेक दाबत गेले. आकडा टाकायची वेळ आली तेव्हा मी तोंड भिंतीकडे केलं. तिने बराच वेळ लावला. मी म्हटलं, "झालं का?" तर म्हणाली, "थांबा, मला ठरवू द्या." लग्नानंतर तिने स्वतः ठरवलेलं हे पहिलंच असावं, साधा आकडा. त्या खोलीत तिने काय ठेवलंय मला दिसत नाही, आणि माझ्या खोलीतलं तिला दिसत नाही. फोन तिच्याबरोबर दिलाय. माझी खोली मी मोकळी केलेली नाही, नुसती बंद केली. गाणी आहेत, तुझा फोटो आहे. राहू दे तशीच. कोणी झाडायला जाऊ नका.

ती शिंपिणीकडे रिक्षाची वाट बघत बसली आहे, हे लिहून झालं की पत्र मागच्या भिंतीवरून तिच्या हाती देते. आता मी एकटी आहे दुकानात. डाव्या खिशात हिरवा ठिपका, उजव्या खिशात पिवळा. दोघींना फिरवून आणते. हिरवी अंगणात जाते तेव्हा पिवळीला टेबलावर ठेवते, सारख्या जोडीने फिरल्या तर संशय यायचा, सासूसुना इतक्या गळ्यात गळा कधी होत्या. मघाशी तिचा फोन वाजला. मी उचलला.

"ती कुठे आहे?"

"हात साबणात आहेत तिचे."

"दे जरा तिला."

"फोन साबणात घालू?"

ठेवला त्याने. पुन्हा करेल. साबण फार वेळ पुरणार नाही. संध्याकाळी तो घरी येईल तेव्हा नकाशावर ठिपके बरोबर असतील आणि घरात बाई एक कमी. मग तो मला पाणी आणून देईल, समोर बसेल, आणि विचारेल. हळू आवाजात विचारेल. मी कुठे जाणार? दार उघडंच आहे, त्याच्याकडे बघत बसेन. सांगणार मात्र काही नाही, आणि या वेळी माझा खिसाही सांगणार नाही.

तिने तुझा फोन उघडायचा आकडा बापाला दिला, हे खरं आहे. का दिला ते मी विचारलेलं नाही, ते मला सांगायचं नाही, तुला सांगायचंय. भूल उतरली की विचार. त्याआधी नको, भांडताना टाके ओढतात. आणि ते आत घेऊन जाण्याआधी तिला डॉक्टरसमोर उभी कर, गोळीचं नाव तिला घेऊ दे. सहीसुद्धा तीच करेल. तिची सही तू कधी बघितली नसशील. चांगली आहे.

या पत्राला तू उत्तर द्यायचं नाही. एक ओळही नाही. उत्तर तुझ्या आईने द्यायचं, कागदावर, स्वतःच्या हाताने, तुझ्या खाटेशेजारी बसून, आणि शिंपिणीकडे धाडायचं. तुझं अक्षर आलं तर मी लिफाफा न उघडता परत टाचणीला लावीन. तिचं आलं तर समजेन, तू तिला आत घेतलंस.